सत्तेचाळीस

ऑर्विलने केबलचा डबा परत नेऊन दिला.
टोलीडोच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, कारण?
बिल. एवढंच म्हणाला.

नातीने टीव्हीत तीन ॲप टाकून दिली,
पासवर्ड फ्रिजवर चिकटवला.
काय बघणार, काय बघणार, सारखं तेच विचारतात;
याचं ठरेपर्यंत सूप गार.

मग खिडकीच्या काचेला अँटेना,
चपटा, पापडाएवढा.
फुकटातली अकरा चॅनल,
आणि आभाळ निवळलं की तळ्यापलीकडून
कॅनडाचं एक, मुंग्यांनी भरलेलं.

बोट अजून सत्तेचाळीसच दाबतं.
डोरीनचं हवामान.
बाहेर पडताना कोट कुठला, ते तीच सांगे
पडद्यावरून नजर न काढता.

आता तिथे नुसतं निळं.
तो बघत राहतो जरा वेळ,
मग जाडा चढवतो,
असू दे म्हणून.