रिकामा रकाना

डॉक्टरसाहेबांचं पार्सल आलं
की माझ्या सायकलच्या मागच्या चाकाला आधी कळतं.
बदामाचं पीठ, खोबरेल, कसल्याशा काळ्या बिया,
अडीच किलो, नागपूरहून, सही घेऊन द्यायचं.
गावाचं बाकी टपाल
दोन लग्नपत्रिका आणि विम्याची एक पावती,
शर्टाच्या खिशात मावतं.

डॉक्टर मोहोड, वय एकतीस, राहणार अमरावती.
आमच्या आरोग्य केंद्रात आल्यापासून
भाताला शिवले नाहीत, भाकरीला नाही, दुधालाही नाही.
भिंतीवर तक्ता आहे त्यांचा:
वर भाला घेतलेला एक केसाळ माणूस,
खाली सात वार, रोजचे तीन रकाने.
म्हणतात, नाकाडे, शेती ही काल-परवाची गोष्ट.
आपलं पोट अजून लाखभर वर्षं मागे आहे.
मी खाली पाहतो.
माझं तर पुढेच आहे.

बुधवारी केंद्राच्या ओट्यावर बसून
मी निराधारचे पैसे वाटतो.
झुरीबाई हलामीचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही.
कांदे उकरून उकरून रेषा गेल्यात.
पुसा, दाबा, फुंकर मारा, पुन्हा दाबा.
तेवढ्यात डॉक्टर वही घेऊन शेजारी टेकले.
आजी, तुमच्या लहानपणी काय खायचे?

"जे भेटे ते.
मोहा, चारं, टेंबरं,
बांबूचे वास्ते, पान्यापावसात सात्या,
बोडीतले खेकडे, लाल मुंग्याची चटनी.
एखांदी घोरपड,
ते नोका लिहू जी, फारेस्टवाला वाचन."

डॉक्टरांचा पेन पळत होता.
असा आनंद मी फक्त
मनीऑर्डर येणाऱ्या घरांत पाहिलाय.
आणि कडूकांदा? तो कच्चाच ना?

झुरीबाई हसली, एक दात, पूर्ण हसू.
"कच्चा खासान त रातीच जासान.
राखीत उकडाचा. चिराचा.
टोपलीत घालून नाल्यात बांधाचा,
रातभर पानी वाहू द्याचा त्याच्यातून.
सकारी चाखाचा.
कडू लागला, त अजून एक रात."

मग तिनंच बोट ठेवलं तक्त्यावर,
सोमवारापासून रविवारापर्यंत हळूहळू नेलं,
वाचता येत असल्यासारखं.
"याच्यात तो दिवस कोठी हाय जी?"
कोणता?
"काई नाई भेटे तो.
आमच्याकडं तोच लय येये."

डॉक्टर म्हणाले, हो हो, उपवास,
तो तर फारच चांगला, सोळा तासांचा मीही करतो.
झुरीबाईनं नोटा मोजल्या, दोनदा,
आणि पदराच्या गाठीत घातल्या.
"उपासात देव रायते ना बापू.
तेव्हा नुसता पोट राये."

यंत्रातून पावती निघाली, कर्र कर्र.
कोणी काही बोललं नाही.
रेशनच्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर चढवताना
ती मलाच म्हणाली की तांदळाला, कळलं नाही:
"भात म्हनजे उद्या बी हाय."

पुढच्या आठवड्यात पार्सल आलं, दार बंद.
नर्सबाईंनी नाल्याकडे हात केला.
संध्याकाळ झाली होती, पळसाखाली अंधार जमत होता,
आणि डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
पाण्यात उभे, टोपली मुळाशी बांधलेली,
मोबाईलची बत्ती दातांत.
ही कितवी रात, मी विचारलं नाही.
त्यांनी एक चकती काढली, जिभेच्या टोकाला लावली,
तोंड वाकडं केलं,
चकती परत टोपलीत ठेवली,
गाठ पुन्हा आवळली.

सही, मी म्हटलं.
हात ओले आहेत, ते म्हणाले.

मग पार्सल कॅरियरवरच राहिलं.
घरी बायकोनं भात झाकून ठेवला होता,
वर तरोट्याची भाजी, लसणाची.
मी झाकण काढलं
आणि जेवायच्या आधी
उगाच
थोडा वेळ वाफ बघत बसलो.