अर्धी पट्टी खाली

कसली गाणी लिहितोस, विचारलं की मी सांगतो, कंट्री.
लोक हसतात.
'कंट्री म्हणजे आपली देशी ना? संत्रा की मोसंबी?'
मीही हसतो. त्यांचं तरी काय चुकलं?
गव्हाण फाट्यावरच्या दुकानातही सातनंतर माणसं
घर, बाई, जमीन,
ह्याच क्रमाने रडतात.

पहिली कॅसेट काकाने आणली. बोटीवर खलाशी होता.
एक जीन, दोन साबण आणि ती.
कव्हर नव्हतं. लेबलावर निळ्या पेनाने एक आकडा,
बहुतेक कुणाचा तरी फोन.
इंग्रजी मला येत नव्हतं.
'रोड' कळायचा, 'ट्रक' कळायचा, 'मामा' कळायचा,
पण मामाकडे निघालेला माणूस
इतका का रडतो, ते कळायचं नाही.

एक गाणं मी आठ वर्षं ऐकलं
बांध फुटून खाडी शेतात शिरल्याचं समजून.
पुढे शब्दकोश घेऊन बसलो,
तर ते कुत्र्यावरचं निघालं.
मी मात्र बांधावरच राहिलो.
बाबांनी तेव्हा नुकतीच सही केली होती
साडेबारा टक्क्यांच्या कागदावर,
आणि घरात त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.
बोलायचा तो फक्त हा परका, नाकातून,
पोलादी तारेवर काहीतरी घासत.

पोट भरतं हळदीच्या गाण्यांवर.
नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, मामाची गाडी कुठली ते,
साडेतीन हजार, यमकासकट.
परवा नवरी क्रिशिका निघाली. रात्र गेली.
उरलेल्या रात्रीत मी माझं लिहितो:
कळंबोलीच्या काट्यावर उभा ट्रेलर,
ड्रायव्हर म्हणतो, रिकामा आहे,
काटा म्हणतो, नाही.
हे कोणी विकत घेत नाही.

चांगुआत्या धवलारीण.
भटजी यायच्या आधीच अर्धं लग्न लावून मोकळी होते.
एकदा तिच्या कानाला हेडफोन लावला.
पदराचं टोक पिळत ऐकत राहिली.
'यो कोन रं?'
लांबचा आहे, म्हटलं.
'याला कोनी हलद लावलीच नाय वाटतं.'

मागच्या वैशाखात मोराव्याला हळद होती.
दहाला हवालदार आला, डीजे बंद.
मांडवात एकदम रातकिडे ऐकू आले,
आणि बंदराकडून कंटेनर टेकल्याचा ठोका.
हरेश्वर बेंजोवाला जागचा हलला नाही.
मांडीवर बेंजो, टाइपरायटरसारखी बटणं,
फळीवर मोराचं स्टिकर.
तिकडचा बेंजो गोल, चामड्याचा, मी चित्रातच पाहिलेला.
नाव एक, दोघांची ओळख नाही.
मी गिटार काढली.
'तुझा सूर अर्धी पट्टी खाली,' हरेश्वर म्हणाला, 'नेहमीसारखा.'

खरं आहे. काकाची टेप ताणलेली होती.
तो माणूस माझ्याकडे आला तोच
खालच्या सुरात, दमलेला.
परवा-परवा मोबाइलवर तेच गाणं नीट वेगात सापडलं.
तरणा होता, घाईत होता. ओळख पटेना.
बंद केलं.

हरेश्वरने तारा उतरवल्या, एकेक, शिव्या देत.
मी काट्यावरचा ट्रेलर म्हटला.
तिसऱ्या ओळीला आत्या शिरली, न विचारता,
धवल्याचे शब्द घेऊन, वर,
माझा आवाज पोचत नाही तिथे.
दोन गाणी एकमेकांना नीट बसत नव्हती.
हवालदार फाटकाशी उभा, काठी काखेत,
चहा हातात निवत होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या आईने पाचशे कापले.
'शेवटचं ते मी सांगितलंच नव्हतं.'
बरं, म्हटलं, चप्पल घातली.
मी पायरी उतरल्यावर तिने मागून विचारलं,
'पन त्या टेलरमधी व्हतं तरी काय?'