दिवसाकाठी किती तास

कोत्काच्या लाकूड-गिरणीत एकतीस वर्षं.
करवतीनं आधी तौनोची पाखरं नेली,
मग स, श, फ,
मग बायकोच्या वाक्यांची शेवटं.

नगरपालिकेनं दिलेलं यंत्र
साखरेच्या डब्यात असतं, साखर नसलेल्या.
दर गुरुवारी मी विचारते. फॉर्मवर रकाना आहे:
दिवसाकाठी किती तास वापरता?

तो बोटं पुढे करतो. जाड, त्यातली दोन अर्धीच.
"बॅटरी मसुरीच्या दाण्याएवढी. पडली की गेली.
आणि लावलं, तर फ्रिज बोलतो, पेपर ओरडतो,
माझाच घास डोक्यात करकरतो.
माणसं तेवढी होती तिथंच. लांब."

मी लिहिते: गोंगाट. बॅटरी लहान.

मी बूट चढवताना तो
हनुवटीनं भिंतीवरचं घड्याळ दाखवतो.
"इर्या म्हणायची, याच्यामुळे डोळ्याला डोळा लागत नाही.
मी हसायचो. मुकं आहे ते, म्हणायचो.
यंत्र आलं तोवर ती नव्हती.
कानात घातलं,
तर हा हातोडा."

बाहेर समुद्र गोठलेला, त्यावर कुणाची तरी सायकल.
"सेल काढून ठेवू का घड्याळाचा?"
त्याला ऐकू येत नाही. किंवा येतं.
टेबलावर बोट एकदाच वाजवतो,
दोघांच्यात याचा अर्थ नको असा होता.

"रविवारी रात्री लावतो जरा वेळ," तो म्हणतो,
"तिचं खरं होतं, एवढं ऐकण्यापुरतं."

रकान्यात फक्त पूर्णांक चालतो.
मी शून्य लिहिते.