अकरा सेकंद

घोडं अडतं ते अकरा सेकंदांपाशी.
चियातुराचा केबल-डबा, संध्याकाळ,
आत ऑपरेटर वालिको, काचेला टेकलेलं कपाळ,
आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला उजेडापेक्षा
अंधारच जास्त आलेला.
अंधारात दाणे असतात. रव्यासारखे, वळवळणारे.
ते काढायला बसलं,
तांदूळ निवडावेत तसं, फ्रेममागून फ्रेम,
की माझं कार्ड हात वर करतं:
मेमरी संपली.

संपली, म्हणे. नेमकी त्याच्या चेहऱ्यापाशी.
डोंगर चालतात, पूल चालतो, माणूस आला की संपते.

म्झियाचा फोन: शुक्रवारी प्रत जायला हवी, एतेरी.
बरं, म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

वाखोनं वहीत दोन रकाने पाडले.
एक नवंकोरं, खोक्यातलं, तीन वर्षांची हमी,
चपळ, पण मेमरी बेताची.
दुसरं वापरलेलं, थोडं मंद,
मेमरी दुप्पट, हमी दुकानदाराच्या तोंडाची.
नवंच घे, म्हणाला माझा भाऊ. तो गेम खेळतो,
सेकंदाला किती फ्रेम पळतात ते मोजतो.
मला एकच फ्रेम हवी असते,
मी बघून होईपर्यंत थांबणारी.

लिलोच्या बाजारात, टायरांच्या गल्लीमागे, झौरीचं दुकान.
खाणीतलं आहे का हे?
खाणीतलंच, तो म्हणाला. लपवलं नाही.
तळघरात चाळीस जणांच्या रांगेत
दोन वर्षं आकडे फोडत होतं, रात्रपाळी-दिवसपाळी एकच.
मी चियातुराची. आमच्याकडे
खाणीतून आलेल्याला वय विचारत नाहीत,
खोकला ऐकतात.
कान लावला. पंखा फिरला, थोडा घरघरला, मग लागला सुरात.

खिशातून ड्राइव्ह काढली. हे चालवून दाखव.
सात सेकंद. आठ. नऊ.
झौरी सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा.
दहा. अकरा.
वालिकोचं कपाळ, काच, काचेपलीकडची दरी,
सगळं न अडखळता.
तो टरफल थुंकून म्हणाला,
सावल्यांत हिरवा जास्त झालाय.
तिथे संध्याकाळी हिरवं नसतं काही.

तीन आठवडे मी तो शॉट बघत होते.
हिरवा मीच ओतला होता,
हल्ली सगळे ओततात म्हणून.
तुला कसं माहीत, हे विचारलं नाही.
त्यानंही एक तेत्री कमी केला नाही.

घरी आणल्यावर नाकापेक्षा मोती जड:
वीज पुरवणारा डबाच अपुरा, तोही नवा घ्यावा लागला,
म्हणजे हिवाळी कोट पुढच्या वर्षी.
शिवाय कार्ड लांब, पेटी आखूड.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक,
वाखोनं करवत आणून अंथरूणच कापलं,
पत्र्याचा एक कप्पा, कर्रकर्र, रात्री अकराला,
खालची त्सियाला काकू झाडूच्या दांड्यानं छत ठोकेपर्यंत.

आता खोली ऊबदार असते.
मोजे पेटीच्या मागे वाळतात.
पूर्वी रेंडर लावून राजमा चढवायचे,
आईला फोन करायचे, तिचे गुडघे, तिची शेजारीण,
सगळं ऐकून व्हायचं, तरी पट्टी अर्ध्यावरच.
आता राजमा शिजायच्या आत सिनेमा शिजतो
आणि आईला वाटतं, मी घाईत असते.

गुरुवारी रात्री हिरवा काढला.
उरला तो राखाडी, मँगनीजचा,
आमच्या दोरीवरच्या कपड्यांना कायम असायचा तो.
दाणे सगळे निघाले. एकही नाही.
वालिको स्वच्छ, गुळगुळीत,
कुणीतरी आंघोळ घालून ठेवल्यासारखा.

बघत बसले. पंखा एकदा खोकला.

मग थोडे दाणे परत टाकले,
मुठीतून सोडावेत तसे,
कपाळावर कमी, काचेवर जास्त,
आणि पुन्हा रेंडर लावलं.