सात सक बेचाळीस

पर्वरी, तिसरा मजला. पंखा टकटक करतोय.
अकरावी उमेदवार: दर्शनी वेळीप, डी.एड., पहिला वर्ग.
मांडीवर पाठ-टाचणांची वही
आणि पुठ्ठ्याचं घड्याळ, काटा सैल झालेलं.

मी नेहमीचंच विचारते:
साळजिणीची शाळा. नऊ मुलं, शिक्षिका एकटी.
बस खालूनच वळते. राहाल?

मॅडम, मी तिथलीच, ती म्हणते.
तिसरीत होते. सर फळ्यावर साताचा पाढा लिहीत होते.
सात सक बेचाळीस झालं, नि सांग्याहून शिपाई आला
बदलीचा कागद घेऊन.
सरांनी खडू खिडकीत ठेवला.
मिरगापर्यंत दुसरं कुणी आलं नाही.
आम्ही फळा पुसू दिला नाही कुणाला.
अजून सात साते म्हणताना
मी जरा थांबते.

शेजारचे साहेब हसतात.
माझ्यापुढे रकाने: भाषा, आशय, व्यक्तिमत्त्व.
थांबण्याला रकाना नाही.

पेनाचं टोपण लावते, काढते.
वाळपईच्या पलीकडे एका शाळेत
मीही ठेवून आले होते खडू,
तेवीस वर्षं झाली,
मुलाच्या ॲडमिशनचं कारण देऊन.
तिथला पाढा कितीवर होता
आठवत नाही.