गाव कोणतं?

दिवसा मी भुसावळ यार्डात चाकं ठोकायचो.
लांब दांड्याची हातोडी, एकेक डबा, एकेक चाक.
धड चाक टणकन बोलतं आणि बोलत राहतं,
तडा गेलेलं भद्द वाजून गप्प होतं.
कान द्यायचा, खडू काढायचा, फुली मारायची.
डबा बाजूला. कुणी शिव्या देत नाही,
फारतर गार्ड घड्याळ बघतो.

संध्याकाळी पांढरा शर्ट, काळा बो
आणि जिल्ह्याची पोरं.

माणसाला हातोडीने ठोकता येत नाही.
ते काम समोरचा पोरगा करत असतो,
मी फक्त ऐकायचं.
पुस्तकात लिहिलंय, बचाव करता येईना की थांबवा.
पुस्तक लिहिणाऱ्याने मे महिन्यात
रेल्वे ग्राउंडवर, मांडववाल्याच्या हॅलोजनखाली,
दिवसभर पंचेचाळीस डिग्रीत भाजलेल्या कॅनव्हासवर
पोरं पाहिली नसावीत.
सगळ्यांचेच पाय तिथे जड,
सगळ्यांचेच डोळे लाल.

मग मी बारीकसारीक बघायला शिकलो.
मार बसल्यावर चिडला, तर बरं.
हसला, की मी एक पाऊल जवळ.
घंटा झाल्यावर (घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा)
आपला कोपरा त्याला पहिल्या नजरेत सापडतो का.

भटू कोळी, चोपन्न किलो, अमळनेर.
रुबाब तडवी, चोपन्न किलो, यावल.
तिसरी फेरी, भटू पुढे.
जिंकेल त्याला रेल्वेच्या खेळाडू भरतीची चिठ्ठी,
हे शेंगदाणेवाल्यालाही ठाऊक.
रुबाबचा उजवा कानशिलावर बसला.
भटू पडला नाही. पडला असता तर सोपं होतं.
उभा राहिला,
गाडी निघून गेल्यावरही फलाटावर
एखादा माणूस उभा राहतो तसा.

मी मोजायला लागलो. एक, दोन.
पाचाला त्याने दोन्ही ग्लोव्ह्ज वर घेतले, नियमाप्रमाणे.
सहाला मी विचारलं, गाव कोणतं?
तो म्हणाला, अमळनेर.

आता बघा.
आम्ही भुसावळात होतो.
पण त्याचं गाव अमळनेरच.
प्रश्न माझाच तिरपा पडला
आणि दुसरा विचारायला सात आणि आठ,
एवढीच जागा.
"मी बरा शे, सर, माले लढू द्या."
शब्द धड होते. मी शब्द ऐकत नव्हतो.
आठ.
मी दोन्ही हात हवेत आडवे हलवले.

केळीची सालं आली, पाण्याच्या पिशव्या, एक चप्पल.
त्याच्या वस्तादाने माझ्या आईची चौकशी केली.
भटू रडला नाही. माझ्याकडे बघत राहिला,
दोन्ही डोळ्यांनी, सरळ.
एवढी सरळ नजर मिनिटभर आधी नव्हती,
का होती, आणि मला दिसली नाही?

शर्ट मिठाच्या पाण्यात टाकताना
सिंधू म्हणाली, आज डाग कमी आहेत.

आदल्या वर्षीचं धुळं मी तिलाही पुरतं सांगितलेलं नाही.
तिथे मी मनात म्हटलं होतं, अजून एक बघू.
त्या पोराचं नाव इथे घेणार नाही.
तो आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो
आणि मी गेलो की उठून खुर्ची देतो.

अठरा वर्षांनी सावद्याला,
केळी भरायला लागलेल्या गाड्यांच्या रांगेत
भटू भेटला. ट्रक स्वतःचा, पोट सुटलेलं.
पायाला हात लावला, मग म्हणाला,
"सर, तुम्ही गाव इचारं, मी सांगं.
मंग काय चुकनं मनं?"

न घडलेल्या गोष्टीची नोंद करायला
रजिस्टर नाही कुठलं,
ना यार्डात, ना जिल्हा संघटनेत.
म्हटलं, तुझं नाही. प्रश्न चुकला.

तो हसला.
आणि जुन्या सवयीने मी एक पाऊल जवळ गेलो,
उन्हात त्याच्या बाहुल्या बघितल्या,
डावी, मग उजवी.
"काय देखी ऱ्हायनात, सर?"
काही नाही. गाडी कुठे चाललीय?
दिल्ली, तो म्हणाला. लगेच.