चौथी कॉट

कॉलेज म्हणजे तीन इमारती, एक बॉयलर आणि एक घोडा.
घोडा कॉलेजचा नाही, बॉयलर सांभाळणाऱ्या एर्मेक-आकेंचा,
पण सकाळच्या तासाला तोही हजर असतो,
खिडकीखाली उभा, नाकातून वाफा सोडत.

नारिनच्या पुढे, डोंगर रस्त्याला खेटतात तिथे
आम्ही एकेचाळीस जण.
इतके थोडे, की अंधारात खोकल्यावरून माणूस ओळखू येतो
आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय ते
जेवताना मीठ कोण पुढे सरकवत नाही यावरून.
इथे प्रेमात पडणंसुद्धा परवडत नाही:
नकार मिळाला तर त्याच माणसाशेजारी
चार वर्षं सूप प्यायचं.

खोली सहा. चार कॉटा.
केरेझ, नुरझात, मी,
आणि खिडकीलगत, जिथे नमद्याची घडी कोंबूनही वारा शिरतो,
बुरुलाय.
ती जागा तिने मागून घेतली.
म्हणाली, मेंढपाळाची पोर मी, थंडी मला ओळखते.
रात्री मात्र रेडिएटरवर वाळत घातलेले सगळ्यांचे मोजे
एकावर एक चढवून झोपायची.
सकाळी आम्ही एका पायावर उड्या मारत
तिच्या सात पिढ्या काढायचो.

फेब्रुवारीत ती गेली.
नाटक काही झालं नाही.
वडील घोड्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं,
धाकटे दोघे अजून शाळेत,
आणि मावशीच्या ओळखीने मॉस्कोत
एका गोदामात खोकी बांधायचं काम.
मिनीबस फाटकात हॉर्न वाजवत होती.
टेबलावर पाव पालथा पडलेला,
तेवढा तिने परत येऊन सरळ केला
आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या जादा ब्लँकेटवरून आम्ही भांडलो.
हे लिहून ठेवते,
कारण पुढे आमच्यातलीच कुणीतरी सांगेल की आम्ही रडलो.
रडलो. पण ब्लँकेट आधी.

रात्री दहाला साल्तानात-एजे हजेरी घेतात,
बाराखडी म्हणावी तशी, न थांबता.
त्या ओघातच नाव निघून गेलं तोंडातून: बुरुलाय.
आणि मागून कुणीतरी म्हणालं, "आहे."
नुरझातच असणार.
पण आवाज बुरुलायचा, झोपमोड झालेला, चिडका.
एजेंनी चष्म्यावरून पाहिलं.
तीस वर्षं खोटं ऐकलेला कान तो,
त्याला काय कळायचं राहिलंय?
पेन ठेवलं. खिशातून पेन्सिल काढली.
एक टिंब दिलं, बारीक,
खोडलं तर कागदालाही कळू नये असं.

मोबाइल लागतो तो फक्त टाकीमागच्या टेकाडावर.
रविवारी तिघी चढतो, गुडघाभर बर्फातून.
केरेझ हातमोजा काढून वही धरते,
मी वाचते: जमिनीची धूप, गवताची मुळं, पाण्याचा वेग.
पलीकडून चिकटपट्टी फाटल्याचा आवाज,
खर्र, खर्र,
मग अचानक शांत.
"थांब. उतार किती अंशांचा म्हणालीस?"
मी वही चाळते. उतार लिहिलेलाच नाही.
वर्गात एकेचाळिसातल्या चाळिसांना
हा प्रश्न सुचला नव्हता.

सोमवारी मी सरांना विचारलं.
सर खूश झाले, म्हणाले, छान, विचार करतेस.
मी मान खाली घातली. सांगायला हवं होतं.

फोन ठेवताना ती दर वेळी विचारते,
खिडकीतून अजून येतो का गं वारा?
आम्ही म्हणतो, छे, काच बसवली नवी.

काच कसली.
त्या कॉटवर आता नुरझात झोपते,
कुणी सांगितलं नव्हतं, एका रात्री उशी घेऊन गेली.
आणि आज सकाळपासून
माझा डावा मोजा सापडत नाहीये.